दहा कोटांचा वर्ग

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी उभं आयुष्य मी लोकांचे कोट धरण्यात घालवलं. बीच झाडाच्या लाकडाची एक लांब फळी, तिच्यावर ओळीने बत्तीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली पांढऱ्या रंगात एक क्रमांक, एवढाच माझा देह. तोपोलिश्ते गावच्या शाळेत, सातवीच्या वर्गाच्या दारासमोर मला भिंतीत ठोकलं, त्याला पन्नासाहून जास्त हिवाळे झाले. शाळेत घंटेला मान असतो, फळ्याला असतो, भिंतीवरच्या नकाशालासुद्धा असतो. खुंट्यांच्या पट्टीकडे कोण बघतो? येणारा कोट टाकतो आणि पाठ फिरवतो. पण माणूस समोरून जे लपवतो ते पाठीवरून दिसतं, आणि खिशातून तर सगळंच दिसतं. म्हणून माझ्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ साठलं आहे.

मला इग्नात सुताराने घडवलं. शाळेने तीस खुंट्या सांगितल्या होत्या. त्याने बत्तीस केल्या आणि वर ऐकवलं, की वर्ग म्हटला की दोन पोरं जास्तीची येतातच. पहिल्याच सप्टेंबरात सातवीला अडतीस मुलं आली. अडतीस कोट, शिवाय टोप्या, मफलर, दोरीने गळ्यात बांधलेले हातमोजे, असा संसार मी पेलला. तेव्हा गावात पंपांचा कारखाना होता. भोंगा झाला की बाप कामावर आणि मूल शाळेत. कोटावरून मला घर कळायचं. इंजिनिअरच्या मुलाच्या कोटाला आतून गुळगुळीत अस्तर, जोडाऱ्याच्या मुलाच्या कोपराला ठिगळ, आणि ज्या कोटाला लसणाचा वास येई त्या घरची आजी अजून धडधाकट आहे, असं मी खुशाल धरून चाले.

मोजायची खोड मला तेव्हाच लागली. लटकलेल्या जिवाला दुसरा उद्योग काय? पहिल्या वर्षी अडतीस. वीस वर्षांनी एकोणतीस. मग कारखान्याला कुलूप पडलं आणि आकडा जिना उतरू लागला: बावीस, सतरा, चौदा. आधी इंजिनिअर गेले, मागोमाग जोडारी गेले, मग शेजारी गेले म्हणून शेजारी गेले. कुणी स्पेनला फळं तोडायला, कुणी ग्रीसला म्हाताऱ्यांची सेवा करायला.

या जाण्यातून गावात एक रीत पडली. दूरदेशी निघालेलं मूल शेवटच्या दिवशी शाळेत येई आणि आपला हिवाळी कोट माझ्यावर ठेवून जाई. एक तर तिकडे एवढ्या जाड कोटाचं काम नाही. दुसरं म्हणजे आमच्याकडच्या आज्या मानतात, की गेलेल्याची वस्तू खुंटीवर आहे तोवर त्याची परतीची वाट उघडी असते. ती वस्तू दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढली, की वाट मिटली. वर्ग सातवी पार करून गेला, की आज्या ते कोट जपून घरी नेत आणि घरच्या खुंटीवर टांगत. तिकडे मुलांना मिशा फुटत, इकडे कोट बारा वर्षांचेच राहत.

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या नेदा स्तामेनोवा. नेदाबाई याच शाळेत शिकल्या, जिल्ह्याच्या गावी जाऊन शिक्षिका झाल्या आणि परत आल्या. परत आलेल्या त्या एकट्याच. म्हणून गावाने त्यांना आधी हुशार म्हटलं, मग वेडी म्हटलं आणि शेवटी मुख्याध्यापिका केलं. सातवीला गणितही त्याच शिकवत.

सरकारचा नियम सोपा होता. वर्गात दहा मुलं असली तर वर्ग चालेल, नऊ झाली की बंद. आणि सातवी बंद पडली, की पाचवी-सहावी तरी कोण ठेवतो? मग राहिलेल्या मुलांनी घाट ओलांडून एक्केचाळीस किलोमीटर बसने जायचं, ज्या घाटात हिवाळ्यात बस निम्मे दिवस अडकूनच असते. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोटाने मोजू लागल्या. त्या वर्षी सातवीत खरी मुलं सहा होती, आणि मालक परदेशी गेलेले कोट चार. सहा नि चार दहा. गणिताच्या बाईंना दुसरं उत्तर कसं येणार?

बाई त्या चौघांच्याही घरी जाऊन आल्या. मुलांची नावं शाळेत राहू द्या, एवढंच मागितलं. तीन घरांनी हसत हसत सह्या दिल्या. नाव काय भाकरी मागतं, असं एका आजोबांनी विचारलंही म्हणे. चौथ्या घरी दान्का आजी होत्या. त्यांची नात रालित्सा वालेन्सियाला गेली होती आणि तिचा लाल लोकरी कोट माझ्या अकराव्या खुंटीवर होता. दान्का आजींनी अट घातली: नाव ठेवा, पण कोटाला हात लावायचा नाही. कोट हलला की नाव गेलं.

तेव्हापासून हजेरीपटावर दहा नावं आली. सकाळी बाई नावं पुकारत. सहा मुलं 'हजर' म्हणत, आणि चार नावांवर बाई स्वतःच खूण करत. त्या नावांनंतर किती वेळ गप्प बसायचं ते मुलांना पाढ्यासारखं पाठ झालं होतं. दाराआडून मला ती शांतता ऐकू यायची. पहिले काही दिवस मुलं फिदीफिदी हसली. पुढे हसायचंही विसरली.

नोव्हेंबरात काल्चेव्हसाहेब आले. हे तपासनीस. माणूस मुरलेला. ते मुलं मोजत नसत, कोट मोजत. त्यांचं म्हणणं, तपासणीच्या दिवशी बालवाडीतून पोरं उसनी आणता येतात, सह्या उसन्या आणता येतात, पण हिवाळ्यात आपला कोट उसना कोण देतो? त्यांची ही खोड साऱ्या जिल्ह्याला माहीत होती. आमच्या रुसका मावशींना तर होतीच. शाळा झाडणं, शेगडीत लाकडं घालणं आणि मुख्याध्यापकांपेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक असणं, हे मावशींचं काम. साहेबांची गाडी फाटकात शिरताच मावशींनी तांब्याभर पाणी घेतलं आणि झाडूच्या काड्यांनी त्या चार कोटांच्या खांद्यांवर शिंपडलं. जणू पोरं बर्फातूनच आली आहेत.

काल्चेव्हसाहेब आले, माझ्यापुढे उभे राहिले. दहा मोजले. मग त्यांनी लाल कोटाची कॉलर दोन बोटांत धरली. बोटं ओली झाली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"बर्फ जोरात दिसतोय," ते म्हणाले.

"तर हो साहेब," मावशी म्हणाल्या. "या गल्लीपुरताच पडून गेला."

साहेबांनी बोटं रुमालाला पुसली. गप्पांमध्ये एक क्षण असा येतो, की तिथे माणूस एक तर सरकारचा राहतो नाही तर जेवणाचा. साहेबांनी विचारलं, जेवायला काय आहे. भरल्या मिरच्या होत्या, चीज भरून भाजलेली गरम बानित्सा होती, मावशींच्या घरची प्लमची दारूही होती. कागदावर शेरा पडला: पट दहा, उपस्थिती समाधानकारक. शेवटी तपासनिसालाही तपासायला शाळा लागतेच की.

आता त्या सहांतल्या एकीबद्दल सांगते. तिचं नाव वेलिना. वरच्या वाडीतून, डोंगरावरून तासभर चालत यायची, आणि तरी सगळ्यांच्या आधी यायची. घरी एक आजी आणि लहान भाऊ. आई ग्रीसमध्ये. वेलिना अभ्यासात मागे होती, ते मी लपवत नाही. ओळीखाली बोट धरून वाचायची आणि बोट पुढे गेलं तरी शब्द मागे राहायचा. चाचणीत शंभरांत वीस-बावीस. पण सातवीचा दाखला तिला हवा होता आणि का हवा होता तेही तिला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या गावी पाव-रोटी भाजायला शिकवणारी एक सरकारी शाळा आहे, तिथे सातवीचा दाखला लागतो. एकदा कोट काढता काढता तिने मावशींना सांगितलं होतं, की भट्टीपाशी काम करणाऱ्याला कधी थंडी वाजत नाही.

कोट म्हणायचा म्हणून म्हणायचा. तिच्याकडे होतं ते पावसाळी जाकीट, पातळ, चेन तुटलेलं. ते सहाव्या खुंटीवर लटकायचं, आणि त्याचं वजन मला खिशातल्या सुक्या पावाइतकंच लागायचं. तिच्यापासून पाच खुंट्या पलीकडे रालित्साचा लाल कोट. उबदार, दुहेरी शिवणीचा, आणि दोन वर्षांत कुणाच्या अंगाला न लागलेला.

डिसेंबरात थंडी उतरली. एक दिवस शाळा सुटल्यावर वेलिना माझ्यापुढे घुटमळली. नेदाबाई वर्गाला कुलूप लावत होत्या.

"बाई, रालित्साचा कोट नुसता लटकलाय," ती म्हणाली. "मी घरी जाताना घालू का? सकाळी परत इथेच ठेवीन. घाण नाही करणार."

बाईंच्या हातातली किल्ली कुलपात तशीच राहिली. त्यांनी नाही म्हटलं नाही. विचारून सांगते म्हणाल्या. आणि खरंच विचारायला गेल्या. दुसऱ्या दिवशी दान्का आजी स्वतः काठी टेकत शाळेत आल्या, माझ्यापुढे थांबल्या आणि कोटाची बटणं मोजली. सगळी जागेवर आहेत बघून मग बोलल्या.

"त्या पोरीचं मला वाईट वाटतं, नेदा. पण माझी एकच नात आहे. कोट गेला की तीही गेली. आणि ती येणारच नसेल तर तिचं नाव तरी तुझ्याकडे कशाला? उद्याच कागद काढून नेते."

म्हणजे नऊ. बाईंनी हिशेब केला नाही, करायची गरजच नव्हती. एका बाजूला एक कोट, दुसऱ्या बाजूला घाटातली बस आणि पाचवी ते सातवीची सगळी मुलं. आणि मित्रांनो, हे अवघड गणित आहे हे मी मान्य करते. पण त्यात एक तिसरी बाजू होती, बाईंचा स्वतःचा करडा कोट, जो त्या वेळी त्यांच्या अंगावर होता. ती बाजू मांडायची राहून गेली. बाईंनी वेलिनाला आपली लोकरी शाल दिली आणि सांगितलं, थोडे दिवस काढ बाळा, मी बघते काहीतरी. दुसऱ्या दिवशी वेलिना बिनशालीची आली. शाल तिने धाकट्या भावाच्या छातीला गुंडाळली होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहावी खुंटी रिकामी राहिली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. वरच्या वाडीहून दूध घेऊन येणाऱ्या माणसाने सांगितलं, पोरीला ताप आहे, छातीत घरघर आहे.

पाच दिवस सलग गैरहजेरी लागली, की शाळेने नगरपालिकेला कळवायचं असतं. मग तिथून दोन माणसं घरी जातात, मूल कसं आहे बघतात, डॉक्टर लागला तर आणतात, आणि आजारपण लांबलं तर शिक्षक घरी जाऊन शिकवतो. नियम चांगला आहे. कुणा शहाण्याने केलेला आहे. पण ती दोन माणसं हजेरीपट मागतात आणि वर्गात डोकावूनही जातात.

पाचव्या सकाळी नेदाबाई लवकर आल्या. अंगातला करडा कोट काढला आणि सहाव्या खुंटीवर अडकवला. मग ऑफिसात जाऊन बसल्या. तिथे शेगडी नव्हती. दिवसभर त्या नुसत्या स्वेटरवर, हात काखेत धरून बसल्या. वर्गात त्यांनी वेलिनाचं नाव पुकारलं आणि शांततेत खूण केली. पाचवी शांतता. मुलांनी माना वर केल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल, हेही असंच असतं.

पुढचे दोन महिने तो करडा कोट रोज सकाळी माझ्यावर चढला आणि संध्याकाळी उतरला. जड, चांगला, उबदार कोट. तोच एक महिना आधी पाच फुटांवर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यांवर गेला असता, तर मला हे सांगावं लागलं नसतं. माणसांचं असं असतं. जिवासाठी जे अंगातून निघत नाही, ते आकड्यासाठी सहज निघतं.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. पाच मुलं बसली. वेलिनाचे बावीस गुण सरासरीत नव्हते, त्यामुळे सरासरी बेचाळीसवरून सेहेचाळीसवर गेली. काल्चेव्हसाहेबांचा फोन आला. बाई ऑफिसाचं दार उघडं ठेवून बोलत होत्या, म्हणून मला ऐकू आलं. साहेब अभिनंदन करत असावेत. बाई नुसत्या हो म्हणत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, मुलांनी मेहनत घेतली.

मार्चच्या पहिल्या तारखेला, वर्षभर आजारपण दूर राहावं म्हणून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मुलांनी एकमेकांच्या मनगटांना लाल-पांढरे दोरे बांधले. रुसका मावशींनी एक दोरा मागून घेतला आणि गुडघा दुखत असताना वरच्या वाडीला गेल्या. परत आल्यावर माझ्याखालच्या बाकावर बसून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. पोर वाचली, पण डाव्या कानाने तिला ऐकू येईनासं झालंय. उजवा कान पुढे करून ऐकते. अंगात दम नाही, उतारावरून पाणी आणताना दोनदा बसते. मावशींनी तिच्या मनगटाला दोरा बांधला तेव्हा तिने पहिलं विचारलं ते शाळेचं.

"काय विचारलं?" बाई म्हणाल्या.

"म्हणाली, माझे किती दिवस बुडले? मी काय सांगणार? म्हटलं, एकही नाही गं, बाई तुझी रोज हजेरी लावतात." मावशींनी गुडघा चोळला. "इतकी खूश झाली म्हणून सांगू. म्हणाली, बाई किती चांगल्या आहेत. मग विचारलं, परीक्षा कधी आहे. मी तारीख सांगितली."

बाईंनी सहाव्या खुंटीवरचा करडा कोट उतरवून अंगात घातला. मग म्हणाल्या, ती काही यायची नाही. एकदा खंड पडला की मुलं परत येत नाहीत, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे. अनुभव होताच तसा. मीही शपथेवर सांगीन. पण अनुभव म्हणजे मागच्यांचा हिशेब. पुढचा माणूस त्यात बसलेला नसतो.

जूनमध्ये मी रिकामी असते. उन्हाळ्यात कोट नसतात, गेलेल्यांचे कोटही मावशी धुळीच्या कापडाखाली झाकतात. सातवीची सरकारी परीक्षा मात्र याच महिन्यात येते, आणि ती माझ्या समोरच्याच वर्गात होते. तिला बाहेरच्या शाळेची पर्यवेक्षिका येते, भिंतीवर कॅमेरा बसतो, आणि नावापुढे माणूस लागतो. तिथे कोट चालत नाही.

पटावर दहा, येणारी पाच. नुसती न सांगता पाच मुलं गैरहजर राहिली असती तर चौकशी लागली असती. म्हणून गुरुवारी गावात येणाऱ्या डॉक्टरांकडून बाईंनी पाच चिठ्ठ्या लिहून घेतल्या. डॉक्टर भला माणूस. त्याची स्वतःची मुलगी पाचवीत होती. त्याने विचार करून असा आजार निवडला, की जो एकदम पाच मुलांना होऊ शकतो आणि ज्याची खात्री करायला कुणी जवळ जात नाही. कांजिण्या. चार चिठ्ठ्या परदेशी गेलेल्यांच्या आणि पाचवी वेलिनाची. चिठ्ठ्या जिल्ह्याला रवाना झाल्या आणि यादीत पाच नावांपुढे तसा शिक्का पडून आला.

परीक्षेच्या सकाळी पाच मुलं आत जाऊन बसली. पर्यवेक्षिका दारात यादी घेऊन उभी. नेदाबाई तिच्याशेजारी. आठला दहा मिनिटं कमी असताना मला पायऱ्यांवर चालण्याचा आवाज आला. दोनदा थांबत येणारा.

वेलिना आली. केस ओले करून विंचरलेले, अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात दोन पेन्सिली, दोन्हीला टोक काढलेलं. मनगटावर मार्चमधला दोरा अजून होता, विटून गुलाबी झालेला. तिने बाईंना नमस्कार केला आणि उजवा कान थोडा पुढे करून पर्यवेक्षिकेपुढे उभी राहिली. नाव सांगितलं. बाईंचा हात नकळत भिंतीकडे आला आणि माझी एक खुंटी धरून राहिला.

पर्यवेक्षिकेने यादीवरून बोट फिरवलं.

"तू आजारी आहेस," ती म्हणाली.

"मी बरी झाले."

"कांजिण्या. पंधरा दिवस घरी राहायचं लिहिलंय." आणि ती एक पाऊल मागे सरकली. भल्या बाईला स्वतःचं लेकरू असेल.

वेलिनाने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. हात स्वच्छ होते. "मला पहिलीतच येऊन गेल्या कांजिण्या," तिने समजावून सांगितलं. मग तिने नेदाबाईंकडे बघितलं. "बाई, तुम्ही सांगा ना यांना."

त्या हाताने खुंटी आवळली. आत काय चाललंय ते मला लाकडातून कळत होतं. एक चिठ्ठी खोटी म्हटली की पाचही खोट्या. पाच खोट्या की पट खोटा, पट खोटा की शाळा बंद, डॉक्टर अडकला, पाचवी-सहावीची मुलं घाटात. उतरत्या क्रमाने सगळं बरोबर होतं. आणि दुसऱ्या बाजूला दोन पेन्सिली. मी सगळा जन्म वजनं पेलण्यात घालवला आहे. मला त्या दोन पेन्सिली जड वाटल्या.

बाई खाली वाकल्या, तिच्या उजव्या कानाशी.

"घरी जा, बाळा," त्या म्हणाल्या. "तुला बरं नाही."

वेलिना क्षणभर उभी राहिली. बाई म्हणतात म्हणजे असेलच, अशी ती मुलगी. रडली नाही, वाद घातला नाही. वळली आणि जाता जाता तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला.

आठला दार बंद झालं.

आजारी मुलांची राहिलेली परीक्षा पंधरा दिवसांनी जिल्ह्याच्या गावी होती. वेलिनाला ते कुणी कळवलं नाही. कळवायला जाणाऱ्याला आधी तिच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागला असता. जुलैत कागद आला: सरासरीत लक्षणीय सुधारणा, पट कायम, पुढल्या वर्षी सातवी सुरू ठेवण्यास मान्यता. काल्चेव्हसाहेब स्वतः कागद घेऊन आले आणि जेवून गेले. वाचली शाळा. ते खोटं नाही. सप्टेंबरात पाचवीच्या नव्या मुलांनी फुलं आणली, घंटा वाजली, गाणी झाली.

वेलिनाला तिची आई ग्रीसला घेऊन गेली. दाखला नाही, त्यामुळे रोटीची शाळा नाही. रुसका मावशींना कळलंय त्याप्रमाणे, ती कुठल्याशा बंदरावर मासे निवडते. मासे बर्फात ठेवलेले असतात आणि बर्फात हात घालून ते निवडावे लागतात. जाताना तिने माझ्यावर काही ठेवलं नाही. ठेवण्याजोगं तिच्याजवळ काही नव्हतंच.

नेदाबाई अजून मुख्याध्यापिका आहेत. त्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं टांगून राहिल्यावर मला एवढं कळलं आहे, की वाईट माणसाने केलेलं वाईट कधीतरी उघडं पडतं. चांगल्या माणसाने चांगल्या कामासाठी केलेलं मात्र मंजूर होऊन येतं.

मित्रांनो, माझं लाकूड आता भेगाळलं आहे. चार खुंट्या मोडल्या आहेत, मागे कुणी कुणी चिकटवलेले च्युइंगमचे गोळे वाळून दगड झाले आहेत. मला रंग लावा, तेल द्या, असं मी मागणार नाही. मोठ्यांनाही मी काही सांगणार नाही. त्यांच्याजवळ कारणं असतात आणि ती खरी असतात. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. त्या सकाळी वर्गात पाच मुलं बसली होती. दार सताड उघडं होतं. वेलिनाबरोबर ती तीन वर्षं शिकली होती, तिचा आवाज ओळखत होती. पाचांनाही ठाऊक होतं, की तिला कांजिण्या नाहीत. पण चार नावांनंतर गप्प कसं राहायचं हे त्यांना वर्षभर शिकवलं होतं, आणि तेवढा एक धडा त्यांना शंभर टक्के आला होता. पाचही माना वहीवर वाकल्या.

तुमच्या वर्गात एखादं नाव पुकारलं गेलं आणि त्यावर शांतता झाली, तर मान वर करून बघा, ते मूल कुठे आहे. आणि ते दारात उभं असेल, तर मोठं कुणी बोलेल याची वाट बघू नका. त्या दिवशी कुणीतरी जागेवरून उठायला हवं होतं. बाई, वेलिना आली आहे, एवढं म्हणायला.